वरील विषयास अनुसरून

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा याबद्दल ज्यांना अजून निवृत्त व्हायचंय त्यांची मतं फार ठाम असतात. नोंदकाकांना कुणी बागकाम सुचवलं, कुणी बुद्धिबळ. दातांच्या डॉक्टरांनी तर काकांचा आ वासलेला असताना, म्हणजे विरोध करायची सोयच नसताना, पोहणं सुचवलं. ब्लॉग सुचवला मुलाने, आणि तोही फोन लवकर ठेवता यावा म्हणून.

काका त्याला नोकरीतला एक किस्सा सांगत होते. मुलगा दूरच्या शहरात, कुठल्याशा मीटिंगच्या दारात उभा. "बाबा, हे सगळं लिहून का नाही काढत? ब्लॉग करा. मी निवांत वाचेन," तो म्हणाला आणि आत गेला. काकांनी फोन खाली ठेवला तो नवं खातं सांभाळायला मिळाल्यासारखा चेहरा करून.

नोंदकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, शेजाऱ्याला जास्त आहे, अशा हरतऱ्हेच्या तक्रारींना 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' हे उत्तर लिहायचं आणि मसुदा मंजुरीसाठी वर पाठवायचा, एवढं त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की जिन्यात कुणी "काका, आज उकडतंय" म्हटलं तरी त्यांच्या तोंडून "नोंद घेतली" असंच निघायचं.

कचेरीतले किस्से ते रोज संध्याकाळी बायकोला सांगत. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. काकांचा प्रत्येक किस्सा 'आणि सदर प्रकरण निकाली काढण्यात आलं' या वाक्यावर संपायचा, आणि त्या वाक्यावर ती हमखास विचारायची, "मग?" म्हणजे निकालबिकाल राहू द्या, त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगा. मग काका खरी गोष्ट सांगत. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. संध्याकाळ रोज व्हायची, किस्से डोक्यात तयार असायचे, पण 'मग' म्हणायला कुणी नव्हतं. काकांना एकटं वाटायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण अशा तक्रारीला काय उत्तर मिळतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तेव्हा ब्लॉग. एकाने जरी वाचला तरी पुष्कळ, असं ते मनाशी म्हणाले.

ब्लॉगला आधी नाव लागतं, आणि ते जगात दुसऱ्या कुणी घेतलेलं चालत नाही, हे कळल्यावर काकांना पहिला धक्का बसला. त्यांच्या आडनावाचा पत्ता एका टायरच्या दुकानदाराने अडवून ठेवला होता. बायकोच्या नावाचं ब्युटी पार्लर निघालं. 'पाणी', 'नळ', 'थेंब', 'ओलावा' सगळं आधीच गेलेलं. एवढ्या मोठ्या जगात आपल्याला बसायला पाट नाही असं होऊन काका खाली इमारतीच्या आवारातल्या बाकाकडे गेले. तिथे संध्याकाळी निवृत्त प्राचार्य, दातांचे डॉक्टर आणि सोसायटीचे चेअरमन बसत. तिघेही जाणकार. कशातले ते मात्र विषय निघेपर्यंत त्यांनाही ठाऊक नसे.

"नाव भारदस्त हवं," प्राचार्य म्हणाले. "चिंतनगंगा."

"छे हो, झोप येते ऐकून," डॉक्टर म्हणाले. "लहान हवं. कळ! एकच शब्द. कळ."

"कळ म्हटल्यावर लोक तुमच्याकडे येतील, यांच्याकडे कशाला?" चेअरमन म्हणाले. "त्यापेक्षा सोसायटीचं नाव द्या. सोसायटीला मान मिळेल. मात्र सर्वसाधारण सभेत ठराव पास करावा लागेल."

सभा पुढच्या वर्षी होती. काका वर आले, टेबलाशी बसले, आणि हाताला सवय होती म्हणून त्यांनी नावासाठीच्या चौकटीत तेच टाईप केलं जे आयुष्यभर प्रत्येक मसुद्याच्या सुरुवातीला टाईप केलं होतं. 'वरील विषयास अनुसरून'. पडद्यावर हिरवी खूण आली. नाव शिल्लक होतं. जगातल्या इतक्या माणसांपैकी कुणालाही ते नको होतं. काकांना मात्र ते बघून भरून आलं, आणि त्यांनी ते ताबडतोब घेऊन टाकलं.

नाव मिळालं म्हणजे घर मिळालं असं नाही. ही पाटी झाली. ती लावायला जागा वेगळी भाड्याने घ्यायची, तिला होस्टिंग म्हणतात. जागा देणाऱ्या कंपनीचं मदतकेंद्र होतं आणि तिथे एक मुलगी फोन उचलायची.

"सर, किती जागा हवी आपल्याला?"

"मी एकटाच आहे," काका म्हणाले. "फार नको. पण हवेशीर असावी."

 मुलीने सगळ्यात लहान जागा देऊ केली. त्यानंतर पुढचे काही दिवस काकांचं आणि तिचं रोज बोलणं होऊ लागलं. पान उघडेना, उघडलेलं मिटेना, मिटलेलं पान पुन्हा उघडलं तर त्यावर भलत्याच भाषेत 'नमस्कार जग' असं काहीतरी लिहिलेलं. प्रत्येक वेळी ती गोड आवाजात म्हणायची, "सर, आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे." पहिल्यांदा ते वाक्य पलीकडून ऐकताना काकांना स्वतःच्याच काठीचा मार बसल्यासारखं झालं. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला समजावलं की नुसतं 'नोंद घेतली' म्हणू नये, पुढे 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हेही जोडावं, माणसाला बरं वाटतं. तेव्हापासून ती ते जोडू लागली आणि काकांना खरोखर बरं वाटू लागलं. अडचण संपली तेव्हा त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. दिवसभरात त्यांना नावाने हाक मारणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि तेही पडद्यावर वाचून.

शेवटच्या फोनवर तिने विचारलं, "सर, आपलं खातं कोणत्या अधिकाराने उघडू? मुख्य संपादक की लेखक?"

"मी लेखक," काका नम्रपणे म्हणाले. "मुख्य म्हणजे वरचे कुणीतरी असतीलच."

"वरचं कुणी नाही सर. तुमचाच ब्लॉग आहे. दोन्ही तुम्हीच."

"हे कसं चालेल?" काकांना ती पोर अननुभवी वाटली. "ज्याने मसुदा लिहायचा त्यानेच मंजूर करायचा? उद्या माझी चूक झाली तर मला विचारणार कोण?"

मुलीने वाद घातला नाही. तिने दोन खाती उघडून दिली. लेखकाच्या खात्याचा पासवर्ड काकांनी पाठ केला. मुख्य संपादकाचा पासवर्ड त्यांनी कचेरीच्या पद्धतीप्रमाणे पाकिटात घातला, चिकटवलेल्या कडेवर सही केली आणि पाकीट कपाटात बायकोच्या साड्यांखाली ठेवून दिलं. वरिष्ठांच्या खुर्चीत बसायची सवय त्यांना कधी नव्हतीच.

मग काका लिहू लागले. नळातून शीळ ऐकू येते म्हणणारे गृहस्थ. शेजारणीच्या टाकीत निळी शाई ओतणारी बाई. आपल्याला पाणी फार येतं, थोडं कमी करा, असा अर्ज देणारा खात्याच्या इतिहासातला एकमेव सज्जन. लेख झाला की खाली 'मंजुरीसाठी पाठवा' असं बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर यायचं, 'आपला लेख पाठवण्यात आला आहे.' काका समाधानाने चष्मा काढून ठेवत. कागद वर गेला की आपलं काम संपलं, हे तर त्यांच्या रक्तातच होतं. शेजारी 'पाहा' म्हणून दुसरं बटण होतं, ते दाबलं की लेख नटूनथटून, मथळ्यासकट, पुस्तकात असावा तसा समोर उभा राहायचा. काका तो रोज एकदा बघत आणि शाई ओतणाऱ्या बाईपाशी रोज हसत.

ब्लॉग काढला हे जगाला कळावं म्हणून त्यांनी त्याच्या पत्त्याचा रबरी शिक्का करून घेतला. 'अधिक माहितीसाठी पाहा:' आणि खाली पत्ता. शिक्का आणि शाईची उशी हाताशी आल्यावर काकांना आवर घालणं कठीण झालं. पेपरवाल्याचं बिल, दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सोसायटीचं परिपत्रक, जे हाताला लागेल त्यावर त्यांनी शिक्का मारला. वरच्या मजल्यावरच्या मेट्रनबाईंना पाठवलेल्या स्मरणपत्रांवरही मारला.

या मेट्रनबाईंविषयी सांगायला हवं. त्या मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहत. त्यांच्या बाथरूममधून काकांच्या बैठकीच्या कोपऱ्यात, नेमकं लिहायच्या टेबलाशेजारी, पाणी गळत असे. जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या निस्तरलेल्या माणसाच्या डोक्यावर गळती यावी हा अन्यायच, पण काकांनी तोल जाऊ दिला नाही. त्यांनी खाली बादली ठेवली आणि वर पत्र पाठवलं. मग पहिलं स्मरणपत्र, मग दुसरं. एक जिना चढून दार वाजवणं त्यांना नियमाला धरून वाटलं नाही. मेट्रनबाईंनी उत्तर दिलं नाही आणि लिफ्टपाशी समोरासमोर आले की दोघेही लिफ्टच्या आकड्यांकडे बघत उभे राहू लागले.

ब्लॉगचं मात्र नाव झालं.

"वाचतोय हं तुमचं," प्राचार्य बाकावर म्हणाले. "भाषा ओघवती आहे. शुद्धलेखनाकडे मात्र लक्ष द्या. ऱ्हस्वदीर्घ फार चुकतात."

काकांनी त्याच दिवशी सगळे लेख पुन्हा तपासले.

"मला शेवट आवडला," डॉक्टर म्हणाले. कुठल्या लेखाचा, ते काकांनी विचारलं नाही. कौतुक करणाऱ्याची उलटतपासणी करू नये. चेअरमन त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अहो, डोळ्यांत पाणी आलं," आणि त्याच दमात पार्किंगचा विषय काढला. सूनबाईने फोनवर सांगितलं, "बाबा, मधे मधे फोटो टाका, छान दिसतं." आणि मुलगा म्हणाला, "मस्त लिहिताय बाबा. फक्त थोडं लांब होतं."

हे मुलाचं काकांनी मनाला लावून घेतलं. तो कामाचा माणूस, त्याला वेळ कमी. काकांनी शीळवाल्या गृहस्थांचं अर्धं आयुष्य कापलं. निळ्या शाईचा पूर्वेतिहास गाळला. पुढच्या वेळी मुलगा म्हणाला, "अजून जरा लांबच वाटतं," तेव्हा त्यांनी सज्जन माणसाचा अख्खा अर्ज उडवला आणि त्याचं नुसतं आभारप्रदर्शन ठेवलं. लेख झिजत झिजत चिंचोळे झाले, पण मुलगा वाचतोय या समाधानावर काका तगून होते.

महिना संपला आणि कंपनीकडून अहवाल आला. 'या महिन्यातील वाचक: एक.'

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मुलगा, सून, प्राचार्य, डॉक्टर, चेअरमन. मोजायला काही फार हुशारी लागत नव्हती. कंपनीची मोजणी चुकली हे उघड होतं. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. तीच मुलगी होती. काकांना बरं वाटलं.

"सर, मोजणी बरोबर आहे," ती बघून म्हणाली. "रोज सकाळी कुणीतरी एक जण येतं. एकही दिवस चुकत नाही. पण सर... त्यांना काही दिसत नसणार."

"का?"

"तुमच्या ब्लॉगवर एकही लेख प्रसिद्ध झालेला नाही. पान रिकामं आहे. त्यावर फक्त 'येथे अद्याप काहीही नाही' एवढं लिहिलेलं येतं."

"काहीतरीच काय? मी सगळे पाठवलेत. माझ्या डोळ्यांनी रोज बघतो."

"ते तुम्हाला एकट्यालाच दिसतात, सर. पाठवलेत, पण सगळे मंजुरीच्या प्रतीक्षेत पडलेत."

"अजून मंजूर नाहीत?" काकांचा आवाज चढला. "महिना झाला! तुमचे साहेब करतात तरी काय?"

"सर," मुलगी हळूच म्हणाली, "साहेब तुम्हीच आहात."

काकांनी फोन ठेवला. जी वाट त्यांनी आयुष्यभर लोकांना पाहायला लावली तीच आज त्यांच्या दारात येऊन बसली होती, आणि तक्रार करायची तर स्वतःकडेच करावी लागणार होती. इथवर ठीक होतं. फजितीची त्यांना सवय होती. पण फजितीच्या मागून एकेक आवाज येऊ लागला. भाषा ओघवती आहे. शेवट आवडला. डोळ्यांत पाणी आलं. प्राचार्यांनी तर रिकाम्या पानात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या होत्या. आणि मुलाला ते रिकामं पानसुद्धा लांब वाटलं होतं.

राग यायला हवा होता. आला नाही. फक्त फार वाईट वाटलं. कुणी वाचलं नाही याचं त्यांना इतकं काही नव्हतं. आपल्याला बरं वाटावं म्हणून इतक्या जणांना खोटं बोलावं लागलं, इतकं आपलं एकटेपण सगळ्यांना दिसत होतं, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी मुलाला फोन केला. तो गाडीत होता.

"अरे, परवाचा लेख वाचलास का?"

"वाचला ना बाबा. एकदम मस्त. फक्त..."

"लांब झाला?"

"हो, थोडासा."

"बरं. कमी करतो," काका म्हणाले. "जेवलास का?"

जेवला होता. काकांनी फोन ठेवला आणि ते कपाटापाशी गेले.

साड्यांखालून पाकीट काढलं. सही शाबूत होती. ती फोडताना त्यांना इतकं अपराधी वाटलं की आधी त्यांनी तोंडाने "परवानगी असावी" म्हटलं. कुणाला ते त्यांनाच ठाऊक. मुख्य संपादक म्हणून ते पहिल्यांदा आत शिरले तर समोर सगळे लेख ओळीने बसलेले. कचेरीबाहेरच्या बाकावर लोक बसायचे तसे. काकांना एकेकाला शेरे मारायचा मोह झाला. 'कृपया खुलासा करावा' असं एके ठिकाणी मनात आलंही. पण मग ते एकदम कंटाळले आणि त्यांनी सगळ्यांना एका दमात 'मंजूर' करून टाकलं. आता पान भरलेलं होतं, आणि ते भरलंय हे त्या रोजच्या एकाखेरीज कुणालाही कळणार नव्हतं. काकांनी बादली रिकामी केली, परत कोपऱ्यात ठेवली आणि ते झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मेट्रनबाई. चष्मा कपाळावर, हातात फोन.

"काय हो," त्या म्हणाल्या, "एकदम एवढे? रोज एक टाकायचा. मी वाचायचं कधी? माझा चहा गार झाला."

 काकांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी दाराला धरलं.

"रोज सकाळी... ते तुम्ही?"

"मग कोण? तुमच्या त्या पहिल्या स्मरणपत्रावर शिक्का बघितला, 'अधिक माहितीसाठी पाहा'. म्हटलं, हा माणूस आता माझ्या बाथरूमची लक्तरं वेशीवर टांगणार. भाच्याच्या ओळखीतला वकीलसुद्धा विचारून ठेवला होता मी. म्हणून उघडून बघितलं. तर 'येथे अद्याप काहीही नाही'. म्हटलं, उद्या टाकेल. दुसऱ्या दिवशी परत उघडलं."

"पण दोन-चार दिवसांत लक्षात आलंच असेल ना तुमच्या, की काही येत नाही?"

"आलं की."

"मग?"

"मग काय?" मेट्रनबाईंनी फोन पदराला पुसला. "वॉर्डात असताना सकाळी पहिली फेरी माझी असायची. कोण कसं आहे, बघून यायचं. आता फेरी मारायला आहे काय? घर दोन खोल्यांचं, आणि त्यात मीच. तुमचं एक पान होतं, ते बघून यायची. काही नाही तर काही नाही."

"अहो, मग सांगायचं नाही का? पान रिकामं आहे म्हणून?"

"आपलं बोलणं कुठे होतं? तुम्ही लिफ्टचे आकडे वाचता." त्यांनी कपाळावरचा चष्मा सारखा केला. "आणि मला वाटलं, मिसेस गेल्यापासून सुचत नसेल तुम्हाला. लागतो वेळ माणसाला. आम्ही पेशंटला घाई करत नाही."

महिनाभरात त्यांच्या लेखनावर आलेला हा पहिला खरा अभिप्राय होता. काकांनी दार पूर्ण उघडलं. "आत या," ते म्हणाले. "फक्त बादली सांभाळून."

मेट्रनबाई कोपऱ्यात उभ्या राहून छताकडे बघू लागल्या. एक थेंब पडला. त्यांनी दुसऱ्याची वाट पाहिली. तोही पडला. "एवढं गळतं?" त्या ओशाळून म्हणाल्या. "मला वाटलं, सरकारी माणूस, वाढवून लिहिलं असेल."

"आम्ही कमी करूनच लिहितो," काका म्हणाले.

चहा झाला. दुसऱ्या कपासाठी बशी शोधताना काकांची तारांबळ उडाली, कारण त्या घरात बऱ्याच दिवसांत दुसरा कप निघाला नव्हता. मेट्रनबाई निघाल्या तेव्हा काकांनी पासवर्डचं ते पाकीट त्यांच्यापुढे धरलं. "एक विनंती आहे. मला वरिष्ठ नाहीत. स्वतःचं स्वतः मंजूर केलं की मला ते खरं वाटत नाही. तुम्ही बघाल का? तशाही तुम्ही वरच राहता."

"मला शेरे मारता येतात," बाईंनी बजावलं. "सगळा वॉर्ड चळचळा कापायचा."

"नोंद घेतली," काका म्हणाले.

पुढचा लेख त्यांनी मन लावून लिहिला. एक बाई तक्रारखिडकीवर रोज यायच्या, पाणी येत नाही म्हणायच्या. खात्याचा माणूस घरी जाऊन बघून यायचा, नळ ठीक असायचा. बाई दुसऱ्या दिवशी परत हजर. असं कितीतरी दिवस चाललं, मग त्या यायच्या थांबल्या, आणि सदर प्रकरण निकाली काढण्यात आलं. मुलाला लांब वाटेल म्हणून काही कापलं नाही. 'मंजुरीसाठी पाठवा' दाबलं, आणि आज पहिल्यांदाच ते बटण दाबल्यावर छताकडे बघितलं.

संध्याकाळी लेख परत आला. खाली शेरा होता. 'मंजुरी नाही. अपूर्ण. प्रकरण निकाली म्हणजे काय? त्या बाईंचं काय झालं? मग?'

काकांनी शेरा वाचला. शेवटच्या शब्दावर त्यांची नजर अडकली आणि पुढची अक्षरं पुसट होऊ लागली, म्हणून त्यांनी चष्मा काढला. पुढे अक्षरं नव्हतीच. मग ते उठले, चपला घातल्या आणि एक जिना चढून गेले. हातात पत्र नव्हतं, शिक्का नव्हता. रिकाम्या हाताचं काय करावं हे न कळून त्यांनी दोन्ही हातांनी बेल दाबली.

"आलात?" मेट्रनबाई म्हणाल्या. "बरं झालं. प्लंबर मिळाला एकदाचा. उद्या सकाळीच येतोय. तुमची कटकट मिटली."

"उद्याच?" काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला. "नाही, म्हणजे... तशी काही घाई नव्हती."

"घाई नव्हती? दोन स्मरणपत्रं आहेत माझ्याकडे!"

"ती पद्धत असते," काका पुटपुटले.

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. मग? त्या बाईंचं काय झालं?"

"एकदा मी स्वतः गेलो होतो त्यांच्या घरी," काका बसत म्हणाले. "हे कागदावर कुठे नाही. फक्त घरात सांगितलं होतं. मी नळ सोडला. पाणी धो धो. बादली बघता बघता भरली. मी म्हटलं, अहो बाई, पाणी तर येतंय की. तर त्या म्हणाल्या, हो, येतं. तुम्ही आलाच आहात तर बसा ना जरा."

 खालून, काकांच्या बैठकीतून, थेंब पडल्याचा आवाज इथवर येणं शक्य नव्हतं, तरी दोघेही तो ऐकत असल्यासारखे बसले. मग बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, फोन उचलला आणि एक नंबर लावला.

"अहो, मी बोलतेय, मेट्रन. तुम्ही उद्या येणार होतात ना? उद्या नको. नाही, परवा पण नको. गळतंय ना, गळतंय. पण मी कळवेन तुम्हाला. घाई नाही."

पाणीपुरवठ्यात जन्म घालवलेल्या माणसाने खरं तर या नासाडीला तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. काका खुर्चीत जरा सैल बसले.

"नोंद घेतली," ते म्हणाले.